युद्धनौकांची मरामत आणि घाटाखालचे दोन तालुके

आरमाराचा इतिहास लिहिणारांचें लक्ष बहुधा तोफांच्या आवाजाकडे असतें. कोणत्या दिवशीं कोणाचा ताफा कोणास भिडला, कोणाचीं किती जहाजें बुडालीं, कोणी निशाण उतरविलें, याचीं टिपणें मोठ्या बारकाईनें ठेविलेलीं आढळतात. परंतु लढाऊ जहाजाच्या आयुष्यांत लढाईचे तास फार थोडे. उरलेला काळ तें एक तर वाट कापीत असतें, नाहीं तर बंदरांत दुरुस्तीसाठीं पडून असतें. एक लढाई संपल्यावर कोणाचें जहाज किती लवकर पुन्हां समुद्रावर येतें, यावर पुढल्या लढाईचा निकाल पुष्कळ वेळां आधींच ठरून गेलेला असतो. म्हणून गोदी ही आरमाराची केवळ विसाव्याची जागा नसून त्याच्या सामर्थ्याचें मूळ आहे, असें आम्ही समजतों. आणि हें मूळ शोधूं लागल्यास तें किनाऱ्यावर थांबत नाहीं, जमिनींत पुष्कळ आंतपर्यंत गेलेलें दिसतें.

हें विधान पडताळून पाहण्यासाठीं आम्हीं मुद्दामच असे दोन तालुके निवडले आहेत कीं, ज्यांस समुद्रकिनारा मुळींच नाहीं. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यांतले, आणि १९८१ सालीं जिल्ह्याचें नांव बदलल्यापासून रायगड जिल्ह्यांतले, कर्जत व खालापूर हे ते तालुके होत. सह्याद्रीची भिंत यांच्या पूर्वेस उभी. एकांतून उल्हास वाहते, दुसऱ्यांतून पाताळगंगा. भाताचीं खाचरें, ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या, वर माथेरानचा डोंगर आणि बोरघाटाची चढण, एवढेंच चित्र यांच्या नांवाबरोबर सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढें येतें. लढाऊ जहाजांशीं यांचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो गैर नव्हे. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं मरामत म्हणजे काय हें थोडें पाहिलें पाहिजे.

लांकडी जहाज समुद्रांत राहिलें कीं, त्याच्या तळास शेवाळ धरतें, शिंपले चिकटतात, आणि उष्ण समुद्रांत तर एका जातीचा किडा लांकूड पोखरून त्याची चाळण करितो. तळ घाण झालेलें जहाज मंद होतें. पाठलागांत मागें पडतें व पळतांना सांपडतें. म्हणून तें ठराविक काळानें कोरडें करावें लागे. भरतीला किनाऱ्यावर चढवून ओहोटीला कलतें करावयाचें, तळ खरवडून व धगीनें शेकून साफ करावयाचा, फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून वर तेल-राळेचा लेप द्यावयाचा, ही जुनी रीत. मोठ्या, जड तोफांच्या जहाजास ती मानवत नाहीं. आडवें पाडतां पाडतां त्याचा सांगाडाच खिळखिळा होतो. त्यासाठीं सुकी गोदी पाहिजे. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आंत घ्यावें, दरवाजा बंद करावा, पाणी काढून टाकावें, आणि जहाज ठोकळ्यांवर उभें ठेवून त्याच्या तळाखालीं माणसांनीं चालत काम करावें, अशी ती सोय.

आमच्या राज्यकर्त्यांस या गोष्टीचें महत्त्व कळत नव्हतें, असें मुळींच नाहीं. इ. स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळा लागण्यापूर्वीं जहाजें सुरक्षित बंदरांत छावणीस आणावीं, उघड्या किनाऱ्यावर ठेवूं नयेत, असें तें सांगतें. आरमारासाठीं साग वगैरे झाडें परवानगीनें तोडावीं, पण आंबा, फणस यांस हात लावूं नये, कारण रयतेनें तीं झाडें लेंकराप्रमाणें वाढविलेलीं असतात, हा त्यांतला उपदेश प्रसिद्धच आहे. आम्हांस या उपदेशांत दयेइतकाच हिशेबहि दिसतो. जहाजाची किंमत अखेर आंतल्या रयतेस द्यावी लागते, आणि ती किती द्यावी यास मर्यादा असली पाहिजे, हें त्या मुत्सद्द्यानें ओळखलें होतें. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

समुद्राचा धनी घाटाकडे कसा पाहतो, याचें एक उदाहरण त्याच काळांत घडलें. १७१३ सालीं कान्होजी आंग्र्यांनीं पेशवे बहिरोपंत पिंगळे यांस कैद केलें, आणि पुढल्या वर्षीं बाळाजी विश्वनाथांनीं मध्यस्थी करून आंग्र्यांस शाहू महाराजांच्या पक्षास वळविलें. त्या तहांत घाटावरचीं घेतलेलीं ठाणीं परत देतांना कान्होजींनीं राजमाची तेवढी आपणांकडे ठेविली. कुलाब्याच्या सरखेलास कर्जतच्या माथ्यावरील डोंगरी किल्ला कशास हवा होता? घाट ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं किनाऱ्याची पाठ. आणि ज्याची पाठ सुरक्षित नाहीं त्याचें बंदरहि सुरक्षित नाहीं, हेंच त्याचें कारण असावें असें आमचें मत आहे.

बंदरांत पडलेलें आरमार किती दुबळें असतें, हें पुढें १७५६ सालच्या फेब्रुवारींत विजयदुर्गास दिसून आलें. मुंबईहून निघालेल्या ॲडमिरल वॉटसनच्या ताफ्यानें तुळाजी आंग्र्यांचीं जहाजें किल्ल्याच्या आश्रयास असतांच जाळून टाकिलीं, आणि या कामीं जमिनीवरून पेशव्यांचें सैन्य इंग्रजांस साह्य करीत होतें. मराठ्यांचें सर्वांत बळकट आरमार भर समुद्रांत नव्हे, तर आपल्याच बंदरांत नष्ट झालें. उलट मुंबईस त्याच सुमारास निराळीच तयारी चालली होती. सुरतेचे पारशी सुतार लवजी नसरवानजी वाडिया १७३६ सालीं मुंबईस आले. १७५० सालीं तेथें पहिली सुकी गोदी पुरी झाली, आणि १७६२ व १७६५ सालीं तिला जोडून आणखी दोन झाल्या. मुंबईची भरती-ओहोटी मोठी, बंदर आडोशाचें, आणि मलबारचा व वसईमागच्या जंगलांचा साग जवळ. या तीन गोष्टी पूर्वेकडच्या चोलमंडल किनाऱ्यावर एकत्र कोठेंच नव्हत्या.

याचा परिणाम इंग्रज-फ्रेंचांच्या युद्धांत उघड दिसतो. मद्रास, पांदेचरी या बाजूस जहाजांस आश्रय नाहीं. ऑक्टोबरापासून ईशान्येचीं वादळें सुरू झालीं कीं कोणाचाहि ताफा तेथें राहूं शकत नसे. १७५८ सालीं दोन लढाया करून पोकॉक मुंबईस आला, जहाजें नीट करून पुढल्या वर्षीं परत गेला. त्याचा प्रतिस्पर्धी दाशे मॉरिशसला गेला, तेथें त्यास पुरेसें सामानच मिळेना. १७८२ सालीं हाच खेळ अधिक मोठ्या प्रमाणावर झाला. फेब्रुवारीपासून सप्टेंबरापर्यंत फ्रेंच सेनापति सुफ्रां व इंग्रज ॲडमिरल ह्यूज यांच्या चार लढाया झाल्या. सुफ्रां हा दोघांत अधिक कुशल होता, याबद्दल इंग्रज लेखकांचेंहि दुमत नाहीं. पण त्याला गोदी नव्हती. एका जहाजाच्या डोलकाठ्या काढून दुसऱ्यावर चढवाव्या, मिळेल तें लांकूड वापरावें, आणि वादळाचे दिवस सुमात्रा बेटांतील आचीन बंदरांत कसेबसे काढावे, असा त्याचा प्रसंग. ह्यूज वर्षाअखेर मुंबईस आला, आणि १७८३ च्या एप्रिलांत नीटनेटकीं झालेलीं जहाजें घेऊन मद्रासेस परतला.

आतां ही मुंबई त्या वेळीं कशी स्वस्थ राहिली, याचा विचार करतां आमचे दोन तालुके पुन्हां पुढें येतात. ह्यूज येण्यापूर्वीं पावणेदोन वर्षें, म्हणजे १७८१ च्या फेब्रुवारींत, जनरल गॉडर्डनें बोरघाट घेतला होता. पण पुणें हातीं लागेना, आणि एप्रिलांत त्यास माघार घ्यावी लागली. हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजांनीं खोपोलीपासून पनवेलपर्यंतच्या वाटेवर त्याचा पाठलाग करून त्यास जेरीस आणलें. १७७९ सालच्या वडगांवच्या नामुष्कीनंतरची ही दुसरी अद्दल. १७८२ च्या मे महिन्यांत सालबाईचा तह झाला. पुण्याकडून त्यास मान्यता मिळण्यास आणखी कित्येक महिने गेले, तरी घाटाखालची लढाई थांबली. ती थांबली नसती, तर अन्नधान्यासाठीं आणि पैशासाठीं ओढग्रस्त झालेल्या मुंबईस एवढ्या मोठ्या ताफ्याची मरामत निर्वेधपणें करतां आली असती काय, याची आम्हांस शंका वाटते. घाटाखालच्या वाटेवर मराठ्यांनीं जें कमावलें, त्याच्या बळावर झालेल्या तहाचा एक लाभ मुंबईच्या गोदीनें उपटला, असा हा विपरीत प्रकार आहे.

पुढील शतकांत गोदी वाढली. १८१० सालीं डंकन गोदी पुरी झाली. वाडियांनीं सागाचीं मोठमोठीं लढाऊ जहाजें बांधलीं. मग लांकूड जाऊन लोखंड आलें, शीड जाऊन वाफ आली. १९१४ सालीं अलेक्झांड्रा गोदीबरोबर ह्यूज सुकी गोदी सुरू झाली. नांव सारखें असलें तरी तिचा ॲडमिरल ह्यूजशीं संबंध नाहीं. ही गोदी हजार फूट लांब आहे. नव्या जहाजाच्या मरामतींत करवत व रंधा यांचें काम थोडें. पोलादी पत्रे कापणें, भोंकें पाडणें, रिपिटा ठोकणें, वेल्डिंग करणें, बॉयलरच्या नळ्या बदलणें हें मुख्य. यासाठीं लेथ पाहिजे, क्रेन पाहिजे, पंप पाहिजेत, रात्रपाळीस दिवे पाहिजेत. थोडक्यांत, पूर्वीं गोदीस जसा साग लागे तशी आतां शक्ति लागूं लागली. मुंबईस कोळशाची खाण नाहीं. कोळसा दूर बंगाल-बिहारकडून आणावा लागे. मग ही शक्ति कोठून यावी?

ती कर्जत-खालापुरांतून आली. लोणावळ्याच्या परिसरांत घाटमाथ्यावर पडणारा पाऊस धरणांनीं अडवून ठेवावा, आणि तें पाणी नळांतून सुमारें सतराशे फूट खालीं सोडून त्याच्या वेगानें यंत्रें फिरवावीं, ही कल्पना टाटांच्या कंपनीनें प्रत्यक्षांत आणिली. वळवण, लोणावळें व शिरोता येथील तलावांचें पाणी खालापूर तालुक्यांत खोपोलीस उतरूं लागलें, आणि १९१५ सालीं तेथील वीज एक लक्ष व्होल्टच्या दाबानें मुंबईस पोंचली. १९२२ सालीं आंध्रा नदीवरील ठोकरवाडी धरणाचें पाणी कर्जत तालुक्यांत भिवपुरीस उतरलें. मुळशीचें तिसरें वीजगृह भिरा येथें १९२७ सालीं सुरू झालें; त्या धरणासाठीं बुडणाऱ्या जमिनींकरितां सेनापति बापटांनीं केलेला सत्याग्रह महाराष्ट्र विसरलेला नाहीं. रेल्वेनें ठाकुर्लीस आपलें कोळशाचें निराळें वीजगृह चालविलें हें खरें. परंतु मुंबईच्या गिरण्या, कारखाने, ट्राम व रस्त्यांवरील दिवे यांचा मुख्य आधार घाटाखालचीं हीं तीन घरेंच होतीं. आणि गंमत अशी कीं, ज्या खेड्यांच्या डोक्यावरून त्या तारा गेल्या, त्यांतील बहुतेकांत त्या काळीं रात्रीं रॉकेलची चिमणीच मिणमिणत असे.

दुसरें महायुद्ध आलें, आणि या व्यवस्थेची परीक्षा झाली. १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें. तेथें १९३८ सालीं उघडलेली प्रचंड सुकी गोदी शत्रूच्या हातीं गेली. ५ एप्रिलास जपानी विमानांनीं कोलंबोवर हल्ला केला व डॉर्सेटशायर आणि कॉर्नवॉल हीं क्रूझरें बुडविलीं. ९ एप्रिलास त्रिंकोमालीवर हल्ला झाला आणि हर्मिस ही विमानवाहू नौका गेली. ॲडमिरल सॉमरव्हिलच्या ताफ्याचा वेगवान भाग त्याच महिन्यांत मुंबईस आला. संथ जुनीं जहाजें आफ्रिकेच्या किनाऱ्यावर किलिंदिनीस पाठविण्यांत आलीं. सिंगापूर गेलेलें, कोलंबो व त्रिंकोमाली शत्रूच्या माऱ्यांत, अशा स्थितींत हिंदी महासागराच्या उत्तर भागांत मोठ्या प्रमाणावर मरामत करूं शकणारें मुंबईइतकें सोयीचें बंदर उरलें नव्हतें. त्याशिवाय रॉयल इंडियन नेव्हीच्या जहाजांचें तर तें घरच होतें. युद्धाच्या आरंभीं या आरमारांत मोजकींच जहाजें होतीं. पुढें तीं झपाट्यानें वाढलीं, आणि प्रत्येकास मध्येंच केव्हां तरी गोदींत येणें भाग होतें. तळ खरवडणें, तांबडा शेंदरी रंग देणें, हें तर नेहमींचें. शिवाय विमानविरोधी तोफा, पाणबुडी शोधण्याचीं यंत्रें, चुंबकी सुरुंगांपासून बचाव करण्यासाठीं जहाजाभोंवतीं विजेच्या तारांचीं वेटोळीं, असें नवें काम रोज वाढत होतें. व्यापारी गलबतांनाहि तोफा बसवून सज्ज करावें लागे.

याच वर्षीं ऑगस्टांत ‘चले जाव’ची घोषणा झाली, आणि कर्जतच्या रानांत एका मनुष्यानें मुंबईच्या शक्तीचें मूळ बिनचूक ओळखलें. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, लोकांचे भाई कोतवाल, यांचा जन्म माथेरानला १ डिसेंबर १९१२ रोजीं झाला. नाभिक समाजांतला हा मुलगा शिकून वकील झाला, माथेरानच्या नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला, आणि शेतकऱ्यांस सावकाराच्या पाशांतून सोडविण्यासाठीं त्यानें धान्यकोठ्या काढल्या. बेचाळीसच्या चळवळींत भूमिगत होऊन त्यांनीं आझाद दस्ता उभारला. मुंबईकडे वीज नेणारे पोलादी मनोरे कापून पाडावयाचे, हा दस्त्याचा मुख्य कार्यक्रम. सप्टेंबरापासून नोव्हेंबरापर्यंत कर्जत व आसपासच्या भागांत एकामागून एक मनोरे कोसळले. सरकारनें बक्षिसें लावलीं, पहारे बसविले. अखेर २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाडकडील सिद्धगडाच्या रानांत पोलिसांनीं दस्त्यास गांठलें. भाई कोतवाल व मानिवलीचे हिराजी पाटील तेथें धारातीर्थीं पडले.

येथें एक प्रश्न टाळून चालणार नाहीं. ज्या जहाजांच्या मरामतीस ही वीज लागत होती, तीं जपानच्या लष्करशाहीशीं लढत होतीं. त्याच नोव्हेंबराच्या ११ तारखेस ‘बेंगाल’ या भारतीय नौदलाच्या लहानशा जहाजानें, ‘ऑंडिना’ या डच तेलवाहू बोटीच्या साथीनें, दोन मोठ्या जपानी सशस्त्र जहाजांशीं झुंज दिली व त्यांपैकीं एक बुडालें. त्या आरमारांत कोंकणचीं माणसें फार दिवसांपासून होतीं. गोदींत घाम गाळणारांतहि होतीं. म्हणजे एका कोंकणी माणसानें रात्रपाळीस उभें राहून जहाज नीट करावें, आणि दुसऱ्यानें त्याच रात्रीं त्याच्या दिव्याची तार तोडावी, असा हा प्रसंग. यांपैकीं एक देशद्रोही व दुसरा वीर, अशी सोपी वांटणी करून मोकळें होणें आम्हांस पटत नाहीं.

आमच्या मतें दोष त्या व्यवस्थेचा होता, जिनें युद्धाचा निर्णय करतांना या देशास विचारलें नाहीं, आणि वीज नेतांना त्या खेड्यांसहि विचारलें नाहीं. फॅसिझमविरुद्ध लढणें योग्यच होतें. पण पारतंत्र्यांतल्या माणसास ती लढाई आपली वाटावी यासाठीं जें करावयास हवें होतें, तें राज्यकर्त्यांनीं केलें नाहीं. आज्ञापत्रकारांनीं आरमारासाठींसुद्धां रयतेच्या आंब्या-फणसास हात लावूं नये म्हणून ताकीद दिली होती. आरमाराचें बळ रयतेच्या संमतीवर उभें असतें, हा त्या ताकिदीचा अर्थ. ती संमति नसली कीं, जहाजास भोंक समुद्रांतच पडतें असें नाहीं. किनाऱ्यापासून दूर, डोंगरांतल्या एका मनोऱ्याच्या पायाशींहि तें पडूं शकतें. तीन वर्षांनीं, १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं, ‘तलवार’ या नाविक ठाण्यावर खलाश्यांनींच बंड पुकारलें, तेव्हां सरकारास हें गोदीच्या दारांतच कळून आलें. परंतु त्याची पहिली सूचना कर्जतनें दिली होती.

आझाद दस्त्यानें मुंबईचें किती काम किती तास थांबविलें, यावरून त्याची थोरवी मोजणें आम्हांस अपुरें वाटतें. त्यानें जें ओळखलें तें अधिक महत्त्वाचें. बंदर, गोदी आणि धुराडीं डोळ्यांस दिसतात. त्यांस चालविणारें पाणी, जंगल आणि माणूस दिसत नाहीं. कोतवालांसारख्या खेड्यांत वावरणाऱ्या वकिलास तें दिसलें, कारण तो त्या तारांच्या खालीं राहत होता. आमच्या इतिहासकारांनींहि आतां तेथें उभें राहून मुंबईकडे पाहण्यास हरकत नाहीं. वाडियांची कारागिरी, डंकन गोदीचा दगडी घाट, युद्धकाळांतील रात्रपाळ्या, यांचें वर्णन जरूर व्हावें. पण मुंबईच्या गोदीचा समग्र वृत्तान्त जो कोणी लिहील, त्यानें राजमाचीचा तह, खोपोली-पनवेल वाटेवरची गॉडर्डची माघार, भिवपुरीचे नळ आणि सिद्धगडचें रान यांस परिशिष्टांत न घालतां मुख्य प्रकरणांत जागा द्यावी.

खोपोली व भिवपुरीचीं वीजगृहें आजहि चालूं आहेत. यंत्रें फिरवून सुटलेलें पाणी एकीकडे पाताळगंगेंत व दुसरीकडे उल्हासेंत जातें, आणि खालच्या शहरांच्या नळांस येतें. दरवर्षीं २ जानेवारीस सिद्धगडावर लोक जमतात व दोघां हुतात्म्यांस अभिवादन करितात. त्या वाटेनें जाणारास भिवपुरीकडून निघालेली मनोऱ्यांची रांग दिसल्यास, ती कोठें जाते आणि एके काळीं तिच्या टोकाशीं काय उभें होतें, एवढें त्यानें मनांत आणलें, तरी आमच्या या लेखाचें काम झालें.